बायांचं दुखणं संघटनेचं काम नाही म्हणणाऱ्यांना

मागच्या बैठकीत आम्ही पोरींनी विषयांच्या यादीत एक विषय टाकला होता, "बायांचे आतले आजार". फळ्यावर तो सहावा होता. बैठक पाचव्या विषयावरच संपली. कोणी विरोध केला असं नाही, फक्त "आता वेळ नाही राहिला" म्हणाले. चहाला मात्र वेळ होता. नंतर बाहेर चपला घालताना आमच्या एका जुन्या कार्यकर्त्या काकांनी (नाव लिहीत नाही, वाचलं की त्यांना कळेल) समजावलं, "पोरीहो, सुप्रीम कोर्टाची तलवार डोक्यावर लटकून राहिली अन् तुम्ही हे काय काढलं? हे बाया-बायांनी दवाखान्यात पाहावं. हे काय बुलेटिनात छापायचं हाय का?"

काका, स्टेन्सिल आम्हीच कापतो. म्हणून छापतो आहोत.

कोर्टाचं आम्हालाही माहीत आहे. १३ फेब्रुवारी २०१९ ला आदेश आला की ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले त्यांना जमिनीवरून काढा, आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत गावोगाव कागद घेऊन फिरलो त्यात निम्म्या आम्हीच होतो. जमिनीचं काम सोडून द्या असं आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो की हेही जमिनीचंच काम आहे. कसं ते सांगतो.

आमच्यातली एक बाई आहे. गाव सांगत नाही, वान नदीच्या खोऱ्यातलं आहे एवढं पुरे. वय पस्तिशीच्या आत. दोन वर्षं तिच्या अंगावरून पांढरं जात होतं, वास येत होता, ओटीपोट दुखायचं. तिनं कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. एकदा नदीवर आपल्या जावेला सांगितलं, ती म्हणाली उष्णता असेल, बाईच्या जन्माला हे असतंच. बडव्यानं दोरा दिला. बाजारातल्या औषधवाल्यानं अंगावर ठेवायची पुडी दिली, तिनं आग झाली. शेवटी त्रास सहन होईना तेव्हा नवऱ्यानं उचलून शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं पोटावर मशीन फिरवून डॉक्टर म्हणाला, पिशवी खराब झाली, काढा, नाहीतर कॅन्सर होईल. पैसे कुठून आणायचे? पट्टा मिळालेली जमीन होती. वनहक्काची जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, हे कायद्याच्या कलम ४(४) मध्ये आहे आणि आपण ते प्रत्येक सभेत सांगतो. पण कागद न करता तीन वर्षं दुसऱ्याला कसायला देता येते. ती त्यानं खालच्या गावातल्या एका शेतकऱ्याला दिली. तिची पिशवी गेली आणि यंदा त्यांच्या वावरात ट्रॅक्टर दुसऱ्याचा चालला. ती बाई आता त्याच वावरात रोजानं निंदायला जाते.

या जमिनीसाठी आपण मोर्चे काढले, दावे लिहिले, जीपीएस घेऊन मोजणी केली. वनखात्यानं जे हिसकावलं नाही ते एका न बोललेल्या दुखण्यानं नेलं. आता सांगा, हा विषय सहावा की पहिला?

पिशवी काढायचा हा धंदा आपल्याकडेच आहे असं नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांचं प्रकरण २०१९ साली बाहेर आलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायांना विचारलं तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल आधी घेतलेली असते, खाडा झाला की दंड. पाळी आली तरी फडातच, ना पाणी ना आडोसा. मग आतून आजार लागतो, आणि डॉक्टर म्हणतो काढून टाका म्हणजे कटकटच नको. आपल्या सातपुड्यातून लोक कापूस वेचायला, वीटभट्टीवर, ऊसतोडीला जातात. आपल्या बाया त्याच वाटेवर आहेत. आपण मोजलं नाही म्हणून आपला आकडा नाही.

मोजलं तर काय निघतं हे महाराष्ट्राला १९८९ पासून माहीत आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली ते लॅन्सेट नावाच्या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. शंभरातल्या ९२ बायांना काही ना काही आतला आजार होता. एकीला सरासरी साडेतीनपेक्षा जास्त. आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बाया होत्या शंभरात ८. त्या काही आजारी म्हणून दवाखान्यात आलेल्या बाया नव्हत्या, गावात कामं करत फिरणाऱ्या होत्या. आजार होता ९२ जणींना आणि तक्रार सांगितली ५५ जणींनी. मधल्या ३७ जणी गप्प राहिल्या की त्यांना ते दुखणंच वाटत नव्हतं? आम्हाला वाटतं दोन्ही. ज्या गोष्टीला आपण "बाईच्या जन्माला असतंच" म्हणतो तिला आजार कोण म्हणणार?

आता आमच्यावर एक आरोप येईल म्हणून आधीच बोलतो. बाहेरचे लोक येतात, संस्थावाले, अधिकारी, आणि म्हणतात आदिवासी बाया अडाणी, अस्वच्छ, अंधश्रद्धाळू. त्यांना शिकवलं पाहिजे. मीटिंग घेतात, भिंतीवर तक्ता लावतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांच्या सुरात सूर मिळवायला आम्ही हे लिहीत नाही. बाई स्वच्छ राहात नाही म्हणणाऱ्यानं एक दिवस तिच्यासारखी आंघोळ करून पाहावी. आमच्या गावांत न्हाणीघर नाही. बाया नदीवर लुगडं अंगावर ठेवूनच आंघोळ करतात, कारण समोरच्या काठावरून गुराखी जातो, वनखात्याचा गार्ड जातो, सुट्टीच्या दिवशी वारी हनुमानकडून फिरायला आलेली पोरं मोबाईल घेऊन वर येतात. ओल्या लुगड्यावर कोरडं गुंडाळायचं आणि आतलं ओलं खाली सोडायचं. त्यात आतली जागा धुवायची कधी आणि कशी? पाळीच्या दिवसांत पहाटे अंधारात जायचं, फडकं दगडावर चोळायचं, रक्त वाहून जाईपर्यंत मागं वळून पाहात राहायचं कोणी येतं का. उन्हाळ्यात वान आटते तेव्हा डोहात नाहीतर झिऱ्यावर. त्याच झिऱ्याचं पाणी प्यायला. तिथं फडकं धुतलं तर सगळं गाव शिव्या देईल, आणि बरोबर देईल. मग न धुता दोन दिवस.

आणि अस्वच्छ म्हणणाऱ्या त्याच सरकारनं २०१८ साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाला म्हणून जाहीर केलं. १२ हजाराचं संडास मिळालं. पाणी नाही मिळालं. आमच्या पाड्यावर त्या संडासात सरपण आहे, एकात शेळी व्यायली.

दिवाळीनंतर बाया खाली पूर्णेच्या खोऱ्यात कापूस वेचायला जातात. ते खारपाण. विहिरीचं पाणी खारट, साबणाला फेस येत नाही, धुतलेलं फडकं वाळलं की पापडासारखं कडक होतं. तेच पुन्हा वापरायचं, मांड्या सोलतात, त्यावर दिवसभर वाकून वेचणी. दिवसभर हातात कापूस असतो, आणि आपल्या अंगाला लावायला सुती कपडा नाही! जुन्या बायांची लुगडी सुती होती, फाटली की त्याची फडकी व्हायची, रक्त शोषायची. आता बाजारातून आणतो ती साडी पॉलिएस्टरची. ती फाडली तरी रक्त शोषत नाही, नुसती भिजून सरकते. एका म्हातारीनं आम्हाला विचारलं, "बाई, तुमच्या साड्या इतक्या चमकतात, मंग फडकं कशाचं करता?" उत्तर देता आलं नाही.

पॅडचं म्हणाल तर सरकारची अस्मिता योजना ८ मार्च २०१८ ला सुरू झाली. तेव्हा जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीला ५ रुपयात ८ पॅड होते, बाकी बायांना २४ आणि २९ रुपयाला पाकीट. चांगली गोष्ट होती. पण शाळा सोडलेल्या पोरीचं काय, आणि ज्या घरात मिठाचा पुडा उधार येतो त्या घरात चार बायांची चार पाकिटं कोण घेणार? आणि वापरलेलं टाकायचं कुठं, नदीत? म्हणून आम्ही पॅडच पाहिजे असा हट्ट धरत नाही. सुती फडकं वाईट नाही. साबणानं धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं, कोरड्या पिशवीत ठेवलेलं फडकं चांगलं आहे. गोची अशी आहे की आपण ते उन्हात वाळवत नाही. छपराच्या गवतात खोचतो, ओल्या साडीखाली लपवतो, पाटीमागं दडवतो. पुरुषाची नजर पडू नये म्हणून. दमट राहिलेल्या फडक्यात जंतू वाढतात आणि ते आत जातात. ऊन फुकट आहे, सातपुड्यात उन्हाची टंचाई नाही. लाजेपायी ते ऊन आम्हाला मिळत नाही.

ही लाज कुठून आली? इथं आपल्याच लोकांशी भांडायचं आहे.

म्हाताऱ्या सांगतात, त्यांच्या वेळी पाळीत बाई देवाजवळ जायची नाही, धान्याच्या कणगीला हात लावायची नाही. पण ती रानात जायची, मोह वेचायची, तेंदू तोडायची, डिंक काढायची. तिच्या हाताला विटाळ होता पण तिला कोपऱ्यात बसवत नव्हते. काही पाड्यांवर त्या दिवसांत पाणी भरणं दुसरी करायची, त्यामुळे अंगाला जरा आराम मिळायचा. सगळं चांगलं होतं असं नाही. गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे माडिया बायांना अजून कुर्माघरात राहावं लागतं, गावाबाहेरच्या झोपडीत, पावसात, सापात. तसं आपल्याकडे नव्हतं म्हणून आपण छाती फुगवायची गरज नाही. पण आता आपल्याकडे उलटंच चाललंय. खालच्या गावातून महाराज येतात, सप्ते होतात, टीव्हीवर मालिका लागतात, आणि आपल्या शिकलेल्या घरांत नवा नियम सुरू होतो, पाच दिवस वेगळं अंथरूण, वेगळी थाळी, तिच्या हातचं पाणी चालत नाही. काहींना वाटतं आपण सुधारलो. ज्यांनी आपल्याला कधी आपल्या विहिरीवर येऊ दिलं नाही त्यांचाच विटाळ आपण आणून आपल्या पोरींच्या डोक्यावर ठेवतो. याला सुधारणा म्हणत असाल तर आम्ही मागास बऱ्या.

बडव्याशी, भूमकाशी आमचं भांडण नाही. मन घाबरलं असेल तर त्याच्याकडं जा. दाईशी तर अजिबात नाही. दाई म्हणजे गावातली एकच बाई जिच्यासमोर दुसरी बाई लुगडं सोडते, तिला सगळ्यांच्या आतलं माहीत असतं. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत व्हा, ७०० रुपये घ्या. बाळंतपण दवाखान्यात व्हावं हे बरोबर आहे, दाईच्या हातून बाया मेल्या आहेत, ते लपवायचं कारण नाही. पण त्या नादात दाईला अडाणी म्हणून बाजूला फेकलं आणि तिच्याजागी ऐकून घेणारं कोणीच ठेवलं नाही. आम्हाला वाटतं आशा आणि दाई दोघींनी मिळून फिरलं पाहिजे. आशाला गोळ्या माहीत आहेत, दाईला बाया माहीत आहेत.

आणि भाषा. आमच्या बाया कोरकू बोलतात, भिलाली-बारेली बोलतात, काही घरांत निहाली बोलतात. निहाली जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेच्या कुळात बसत नाही म्हणून मोठमोठे विद्वान जळगाव जामोदच्या डोंगरात ती टिपायला येतात. ज्या बाईची भाषा टिपायला येतात तिला तिच्या भाषेत "तुला कुठं दुखतं" हे विचारायला कोणी येत नाही. आमच्यातली एक पोर एका दवाखान्यात आपल्या मावशीबरोबर गेली होती. नर्सनं सगळ्या रांगेसमोर मोठ्यानं विचारलं, "पांढरं जातं का? वास येतो का?" मावशीला मराठी अर्धी कळत होती, पण रांगेतल्या पुरुषांचं हसणं पूर्ण कळलं. ती म्हणाली डोकं दुखतं. डोकेदुखीची गोळी घेऊन चौदा किलोमीटर परत आली, अर्धी वाट पायी.

म्हणून काही गोष्टी इथं सरळ लिहितो. बायांनी वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. पुरुषांनीही ऐका.

पाळीच्या मधल्या दिवसांत थोडं पांढरं, पाण्यासारखं किंवा चिकट जाणं हे आजारपण नाही, त्यानं अंगातली ताकद जात नाही. पण घाण वास, खाज, पिवळं-हिरवं किंवा दह्यासारखं फुटकं, लघवीला आग, ओटीपोटात दुखणं, ताप, यातलं काही असेल तर तो आजार आहे आणि बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो. पिशवी काढावी लागत नाही. नवऱ्यालाही तोच आजार असू शकतो. तसं असेल आणि बाईनं एकटीनं गोळ्या खाल्ल्या, नवऱ्यानं नाही, तर परत होऊ शकतो, हे पुरुषांनी दोनदा वाचावं. आतून साबण, मीठ, तुरटी, कडुलिंबाचा काढा घालून धुऊ नका, त्यानं आतली चांगली राखण मरते. बाहेरून साध्या पाण्यानं धुवा. अंगावर ठेवायची पुडी बाजारात घेऊ नका. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त आलं, तर थांबू नका, तपासून घ्या. अंग बाहेर येत असेल तर लाजू नका. बाळंतपणानंतर आठव्या-दहाव्या दिवशी डोक्यावर लाकडाची मोळी घेतल्यानं ते होऊ शकतं, आणि ती मोळी कोणी घ्यायला लावली हा प्रश्न घरात विचारा. आणि कोणी पिशवी काढ म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, सरकारी जिल्हा रुग्णालयात दाखवा. जमीन कोणाला कसायला देण्याआधी आमच्यापैकी कोणालाही निरोप धाडा, रात्री सुद्धा येऊ.

आता काकांच्या प्रश्नाकडे. हे दवाखान्यात पाहावं म्हणाले. बरं, दवाखाना कुठं आहे? अंबाबरवा अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, १२७ चौरस किलोमीटरचं. आतल्या आणि काठावरच्या गावांना तेव्हापासून एकच उत्तर मिळतं, रस्ता मागा, वनखातं नाही म्हणतं, पाईपलाईन मागा, नाही, नर्ससाठी खोली मागा, नाही. आणि आपण मानतो. का मानतो? वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये १३ सोयी लिहिल्या आहेत, त्यात दवाखाना आहे, अंगणवाडी आहे, पिण्याच्या पाण्याची पाईपलाईन आहे, रस्ता आहे. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, एवढ्यात बसत असेल आणि ग्रामसभेची शिफारस असेल तर जंगलजमीन देता येते. आपण या कायद्याचं एकच पान वाचलं, पट्ट्याचं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो हेही त्याच कायद्यात आहे, पण तिचं नाव सातबाऱ्याच्या फोटोपुरतं. ३(२) खाली आपल्या भागातून दवाखाना किंवा पाईपलाईन मागणारा ठराव कोणत्या ग्रामसभेनं केला, आम्हाला दाखवा. आम्ही फाइली चाळल्या, आम्हाला सापडला नाही.

२०१२ साली नियम बदलले, ग्रामसभेत निम्मे लोक पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. तेवढ्या बाया आपण सह्या-अंगठ्यासाठी आणतो, मागं बसवतो, चहा झाला की घरी पाठवतो. पुढच्या ग्रामसभेत बाया पुढं बसणार आहेत. पहिला विषय आमचा राहील. आधी बाया-बाया वेगळ्या बसतील, दाई आणि आशा बरोबर असतील, मग सगळ्यांसमोर ठराव मांडतील. ठरावात तीन मागण्या आहेत. नदीच्या काठी बायांसाठी आडोसा असलेली न्हाणी आणि कपडे धुवायचा ओटा, प्यायच्या झिऱ्यापासून खालच्या अंगाला. ३(२) खाली पाण्याची पाईपलाईन आणि नर्सला बसायला खोली. आणि महिन्यातून एकदा सरकारी बाई डॉक्टर पाड्यावर यावी, आमची भाषा बोलणारी एक बाई तिच्याजवळ बसवून.

ठरावाचा नमुना या अंकाच्या मागच्या पानावर छापला आहे. शाई फिकी आली आहे, वाचता येत नसेल तर बाजाराच्या दिवशी सोनाळ्याला भेटा, हातानं लिहून देऊ. आणि ज्या काकांनी वेळ नाही म्हटलं त्यांना विनंती आहे, त्यांनी ग्रामसभेला यावं आणि बाया बोलतील तेव्हा चहाची व्यवस्था पाहावी.